मंजुळा डहाणूला उतरेल काय?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गाजलेले संगीत-नाटक लंडनला नेले तर ते तेथे चालेल की पडेल, या प्रश्नाचा काथ्याकूट तिकडचे निर्माते आणि समीक्षक गेली पाऊणशे वर्षे करीत आले आहेत. डहाणू-तलासरीच्या वाचकाने त्यात कशाला पडावे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, प्रश्न त्यांचा असला तरी अनुभव आपलाही आहे. मुंबई-पुण्यात गाजलेले नाटक, इंग्रजी शाळांतून गाजलेले गाणे, दूरचित्रवाणीवर गाजलेला नाच हे सारे आपल्याकडे स्नेहसंमेलनांतून आणि नाताळच्या कार्यक्रमांतून येतच असते. फरक इतकाच की, ‘हे इथे रुजले का?’ असा प्रश्न आपण विचारीत नाही. टाळ्या वाजवितो आणि जेवायला घरी जातो.

प्रथम लंडनचे पाहू. ‘ओक्लाहोमा!’ हे नाटक १९४३ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि १९४७ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात गेले. तेव्हापासून ही ये-जा चालू आहे. आपल्या घराघरांत चित्रपटामुळे ठाऊक असलेले ‘द साउंड ऑफ म्युझिक’ १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले. तेथे त्याचे १,४४३ प्रयोग झाले. १९६१ मध्ये ते लंडनला गेले आणि तेथे २,३८५ झाले. म्हणजे ज्या गावचे नाटक त्या गावापेक्षा परगावातच ते अधिक चालले. नाझी सैन्याच्या भीतीने रातोरात घर सोडणारे कुटुंब ही गोष्ट न्यूयॉर्कला ऐकून ठाऊक होती. लंडनने मात्र बॉम्बवर्षावात आपली मुले आगगाडीत बसवून खेड्यांत पाठविली होती. प्रयोगसंख्येतील फरकाचे एक कारण तेथे असावे, असा आमचा तर्क आहे.

याच्या उलट उदाहरण ‘रेंट’ या नाटकाचे. पुच्चीनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेरातील पॅरिसचे भणंग कलावंत उचलून जोनाथन लार्सनने न्यूयॉर्कच्या गल्लीत आणले. क्षयाच्या जागी एड्स आला, थंडी तीच राहिली. १९९६ ते २००८ अशी बारा वर्षे ते ब्रॉडवेवर चालले. तेच नाटक १९९८ मध्ये लंडनला नेले, तर दुसऱ्या वर्षाअखेर बंद झाले. पॅरिसहून न्यूयॉर्कला येताना त्या गोष्टीने घर बदलले होते. न्यूयॉर्कहून लंडनला जाताना तिने केवळ सामान बदलले. येथे आमच्या विवेचनाचे सूत्र सापडते. स्थलांतर नाटकाचे होत नसते, नाटकाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाचे होत असते. त्या माणसाला नव्या गावात कोणी ओळखीचा भेटला तर नाटक राहते. नाही तर पाहुणचार घेऊन परत जाते.

याला अपवाद दिसतो तो ‘हॅमिल्टन’चा. अमेरिकेने इंग्लंडच्या राजाला झुगारले, त्याची ही रॅप संगीतातील कथा २०१७ च्या डिसेंबरात थेट लंडनमध्येच उतरली आणि तेथे वर्षानुवर्षे चालली. पण तो खरोखर अपवाद आहे काय? त्यातला तिसरा जॉर्ज राजा लंडनकरांच्या घरचाच होता. आपल्याच राजाला रंगमंचावर रुसलेल्या प्रियकरासारखे गाताना पाहून हसण्याची संधी त्यांना घरबसल्या मिळाली.

सर्वांत बोलके उदाहरण ‘माय फेअर लेडी’चे आहे, आणि तेच आपल्याही अंगणापर्यंत येते. बर्नार्ड शॉचे ‘पिग्मॅलियन’ हे मूळ नाटक. फुले विकणाऱ्या एका मुलीचे उच्चार सुधारून तिला सरदारघराण्यातली म्हणून मिरविण्याची पैज एक ध्वनिशास्त्रज्ञ मारतो, ही त्याची कथा. इंग्रजी उच्चारांवरचे हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आले ते १९१३ मध्ये, व्हिएन्नात आणि जर्मन भाषेत! लंडनला ते १९१४ मध्ये आले. पुढे १९५६ मध्ये त्याचे संगीत-नाटक न्यूयॉर्कला झाले, २,७१७ प्रयोग करून त्याने त्या वेळचा उच्चांक गाठला, आणि १९५८ मध्ये रेक्स हॅरिसन, ज्यूली अँड्र्यूज व स्टॅन्ली हॉलोवे या त्याच नटसंचासह ते लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये उतरले. नाटकाचा पहिला प्रवेश कोव्हेंट गार्डनच्या बाजारातला. तो बाजार नाट्यगृहापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर. अमेरिकेचा वळसा घालून फुलवाली आपल्याच गल्लीत परतली होती. तेथे २,२८१ प्रयोग झाले, यात नवल ते कसले?

ही फुलवाली १९७५ मध्ये मराठीत आली. पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’, भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक हे मराठी रंगभूमीवरचे एक भाग्यच होते. इंग्रजी संगीत-नाटकात जेथे एलायझा चिडून गाणे म्हणते, तेथे पुलंनी मंजुळेला स्वगत दिले. ते स्वगत पुढे शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांतून इतक्या मुलींनी म्हटले की, मूळ नाटक न पाहिलेल्यांनाही ते येते. साधारण त्याच दशकात मधु राय यांनी याच कथेवरून गुजरातीत ‘संतु रंगीली’ लिहिले; दिग्दर्शन प्रवीण जोशींचे आणि संतु सरिता जोशींची. तेही खूप गाजले. एकाच आईच्या दोन मुली एकाच मुंबईत दोन भाषांतून नांदल्या, आणि कोणालाही त्या परक्या वाटल्या नाहीत.

तरीही ‘ती फुलराणी’बद्दल आमची एक तक्रार आहे. पुलंविषयी तक्रार करताना मराठी माणसाची जीभ अडखळते, परंतु करावी लागेल. शॉच्या हिगिन्सला एखाद्याच्या बोलण्यावरून त्याची गल्ली ओळखता येते. एलायझाची बोली ही लंडनच्या विशिष्ट वस्तीतली, खरोखर बोलली जाणारी भाषा आहे. मंजुळेची बोली मात्र आमच्या कानाला कोणत्याही एका गावाची वाटत नाही. ती रंगभूमीवरची सर्वसाधारण ‘अशुद्ध’ मराठी आहे. तिच्यावरून कोणत्याही प्राध्यापकाला मंजुळेचे गाव सांगता येणार नाही. इंग्रजीत उच्चारावरून वर्ग ओळखतात. मराठीत ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांवरून त्याखेरीज जातही ओळखतात, आणि ओळखणारा ती मनात ठेवतो. हा काटा पुलंच्या नाटकाने बोथट केला. म्हणूनच ते सर्वांना इतके आवडले असावे. हसताना कोणालाही दुखले नाही.

दुखेल अशा रीतीने परके नाटक आपलेसे करता येते, याचा दाखला आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे. मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीच्या सहवासात लुकाझिन्हो रिबेरो हा गोव्याचा तरुण वावरला. त्याने पाहिलेला खेळ कोंकणीत उतरविला आणि १८९२ च्या एप्रिलात, ईस्टरच्या सुमारास, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ सादर झाला. तो पहिला तियात्र. नावापासून सारे इटालियन! पण त्याच मंडळींतले जुआंव आगोस्तिन फेर्नांडिस यांनी पुढे स्वतः लिहावयास घेतले आणि १९०४ मध्ये ‘भाटकार’ आणला. भाटकार म्हणजे गोव्याचा जमीनदार. बारा वर्षांत इटलीचा पोरगा गेला आणि ज्याच्या माडाखाली प्रेक्षकांचे आईबाप राबत होते तो मालक रंगमंचावर आला. शिवाय पडद्यांमध्ये कांतारां आली. कथेशी संबंध नसलेली, पण राजकारण्यांपासून घरच्या सुनेपर्यंत कोणाचीही खोड काढणारी ही गाणी. शुद्ध कलेच्या उपासकांना हा प्रकार बेशिस्त वाटतो. आमच्या मते तियात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तगला तो या बेशिस्तीमुळे. खिदमतगार, आचारी, खलाशी असलेल्या त्या प्रेक्षकाला आपली कुरकूर आपल्या बोलीत, वाद्यवृंदासह ऐकू आली.

आता आपल्या अंगणात येऊ. डहाणू-तलासरीत नाटक येत नाही, याची उघड कारणे सर्वांना ठाऊक आहेत. नेपथ्याचा ट्रक, नटांची नाइट, नाट्यगृह, तिकीटविक्री हे गणित बोरिवलीपर्यंत जुळते, पुढे जुळत नाही. २०१३ च्या एप्रिलपासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. तीत बसून नाटकाला जाता येते, पण तिसऱ्या अंकात प्रेक्षकाचे लक्ष घड्याळाकडे असते. ही अडचण खरी आहे. पण ती दूर झाली, उद्या तलासरीला वातानुकूलित नाट्यगृह झाले, तरी मंजुळा येथे रुजेल काय?

येथे संगीताची किंवा नाट्याची वाण नाही. दुधी भोपळ्याचा आणि बांबूचा तारपा घुमू लागला की, वादकाभोवती कमरेला हात घालून फेर धरला जातो. लग्नात धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यावाचून वारली लग्न लागत नाही. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि उंबरगाव गुजरातेत गेले. तारपा दोन्हीकडे वाजत राहिला. येथून बाहेर जाणेही घडले आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राला एक सोय असते: त्यात ‘ळ’ आणि ‘ल’ नसतात. गंजाडच्या भिंतीवरला पांढरा माणूस पॅरिसला आहे तसा पोहोचतो. गंजाडच्या तोंडातला शब्द मात्र तालुक्याच्या शाळेच्या फाटकातच अडविला जातो.

एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी या भागातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून आम्हाला बोलावले होते. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधील गाण्यावर मुलांचा नाच झाला. ध्वनिफितीवर इंग्रजी गाणे, अंगावर आल्प्स पर्वतातले पोशाख, चेहऱ्यावर पाठ केलेले हसू. पालकांनी शांतपणे पाहिले, शेवटी टाळ्या वाजविल्या. मग पुढच्या कार्यक्रमाची मांडामांड लांबली. तेवढा वेळ भरून काढण्यासाठी सातवी-आठवीतला एक मुलगा पुढे आला आणि चिकूच्या वाडीचा मालक व तोडणीला आलेली बाई यांचा मजुरीवरून चाललेला संवाद त्याने दोन आवाजांत करून दाखविला. मालकाची गुजराती वळणाची मराठी आणि बाईची घरची वारली, दोन्ही हुबेहूब. मागच्या रांगांतून हशा उसळला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो मुलगा आता गाणार, असे वाटत असतानाच एका शिक्षकांनी येऊन ध्वनिक्षेपक त्याच्या हातून घेतला आणि ‘शुद्ध बोलत जा’ असे सर्वांदेखत सांगितले. नंतर आमचे भाषण झाले. विषय होता मातृभाषेचे महत्त्व. त्या मुलाचा उल्लेख आम्ही केला नाही.

त्या शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. परीक्षेच्या पेपरात बोलीला गुण नाहीत आणि मुलगा नापास झाला तर पालक त्यांनाच विचारणार, हे त्यांना ठाऊक होते. वसईकडून नोकरीधंद्यासाठी इकडे आलेल्या आपल्या कुटुंबांनाही हे नवे नाही. कादोडीत बोलणारी मुले पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा त्यांच्या हेलाला वर्ग हसला, आणि ती मुले मोठी झाल्यावर त्यांनी आपल्या मुलांशी घरात प्रमाण मराठी सुरू केली, पुढे इंग्रजी. एलायझा शॉच्या नाटकात हाच प्रश्न विचारते की, मला असे बोलायला शिकविलेत, आता मी कोणात जाऊ? प्राध्यापकाजवळ उत्तर नसते.

लंडन-न्यूयॉर्कची सारी उदाहरणे घेऊन आम्ही पुन्हा त्या स्नेहसंमेलनाकडे पाहतो, तेव्हा आल्प्सचे गाणे का पडले आणि चिकूच्या वाडीचा संवाद का चढला, याचे कोडे राहत नाही. गाणे परके होते म्हणून पडले, असे नव्हे. ‘इटालियन भुरगो’ही परकाच होता. घर सोडून डोंगर ओलांडणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट या भागाला चांगली समजली असती. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघणाऱ्या कुटुंबांना तर सामान बांधण्याचा तो प्रवेश कोणी समजावून सांगावा लागला नसता. पण त्या मुलांना गोष्ट दिलीच नव्हती, केवळ पोशाख दिले होते.

कोणी हौशी मंडळी येथे फुलराणी करू म्हणत असतील तर आमची त्यांना एकच विनंती आहे. पुलंची संहिता जशीच्या तशी उचलू नये. पहिला प्रवेश डहाणू रोड स्थानकाबाहेर ठेवावा. मंजुळेच्या पुढ्यात उन्हाळ्यात ताडगोळे असावेत, पावसाच्या तोंडी करवंदे आणि जांभळे. तिचे बोलणे तिच्या पाड्यातल्याच कोणा बाईकडून लिहवून घ्यावे, आणि ते समजले नाही म्हणून पुढच्या रांगेतले दोनचार लोक उठून गेले तर जाऊ द्यावेत. तारपा पार्श्वसंगीतापुरता ठेवू नये. वादकाला रंगमंचाच्या मध्यभागी उभे करावे. मंजुळेच्या भूमिकेसाठी मुलगी शोधावी लागेल, आणि ती सापडेल. प्राध्यापकासाठी मात्र फार हिंडण्याचे कारण नाही. ती भूमिका आम्हाला तोंडपाठ आहे.