विद्यार्थी-संघटनांच्या इतिहासाचा आरंभबिंदू

विद्यार्थी-संघटनांचा इतिहास विद्यापीठाच्या स्थापनेपासून आरंभावयाचा, ही रूढ पद्धत सदोष आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. परंतु एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' १८४८ मध्येच उभी राहिली आणि १८४९ पासून मुलींच्या शाळाही चालवू लागली.

सोलापूर जिल्ह्यात हा दोष अधिकच जाणवतो. तेथील दयानंद महाविद्यालय १९४० चे. ते मुंबई, पुणे (१९४९), शिवाजी (१९६२) व सोलापूर (२००४) अशा चार विद्यापीठांच्या कक्षेत क्रमाने आले. वेळापूरसारख्या गावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ दूरचे. वाङ्मयमंडळ, वक्तृत्वसभा मात्र रोजच्या सहवासातल्या. विद्यापीठनिहाय इतिहासात ही सलगता तीन ठिकाणी तुटते.

१९९४ च्या कायद्याने निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर नियुक्ती आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. 'विद्यार्थी-परिषद' हे नाव दोन्हींत कायम आहे. तिच्यामागील विद्यार्थ्यांची संमती मात्र एकसारखी नव्हे.

म्हणून केवळ अधिनियम व वार्षिक अहवाल यांवर विसंबलेला इतिहास परिषदेचा होतो, विद्यार्थ्यांचा होत नाही. महाविद्यालयीन नियतकालिके आणि मंडळांची इतिवृत्ते हीच त्याची मूळ साधने होत.