नोटांवर छापलेली जाहिरात

मुगाबेंच्या कृपेनं या पैशाचा वॉलपेपर झाला, अशा अर्थाची एक ओळ. साध्या कागदावर छापली असती, तर कुणी मान वळवूनही पाहिलं नसतं. पण ती छापली होती नोटांवर. झिम्बाब्वेच्या रिझर्व्ह बँकेनं चलनात आणलेल्या खऱ्याखुऱ्या नोटा शेजारी शेजारी चिकटवून फलक केले, त्यांवर ठसठशीत अक्षरं उमटवली आणि 2009 साली ते जोहान्सबर्गमध्ये लावले. जाहिरात होती ‘द झिम्बाब्वियन’ या वृत्तपत्राची, आणि मुगाबे तेव्हा त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष.

या वृत्तपत्राची कुळकथा ठाऊक नसेल, तर फलकाची निम्मी धार कळतच नाही. संस्थापक विल्फ म्बांगा हे त्याआधी ‘डेली न्यूज’ या दैनिकाच्या उभारणीतले. जानेवारी 2001 मध्ये त्या दैनिकाचा छापखाना बॉम्बस्फोटानं उडवला गेला, 2003 मध्ये नोंदणीच्या कायद्यावर बोट ठेवून ते बंद पाडण्यात आलं. म्बांगांनी 2005 मध्ये इंग्लंडमध्ये बसून ‘द झिम्बाब्वियन’ काढलं. मायदेशात अडकलेले आणि मायदेश सोडावा लागलेले, दोघांसाठी. छापील अंक ट्रकमधून देशात जायचे, संकेतस्थळ जगभर पांगलेल्यांपर्यंत पोचायचं. मे 2008 मध्ये 60,000 अंक घेऊन निघालेला ट्रक वाटेत जाळला गेला. त्यानंतर सरकारनं परदेशात छापलेल्या वृत्तपत्रांना चैनीची वस्तू ठरवून त्यांच्यावर जबर आयातकर लावला. जाळण्यापेक्षा ही युक्ती सुटसुटीत, शिवाय कायदेशीर.

म्हणजे वर्तमानपत्राचा कागद महाग करणारं आणि नोटेचा कागद कवडीमोल करणारं सरकार एकच. टीबीडब्ल्यूए हंट लास्कारिस या जाहिरातसंस्थेनं ही दोन्ही कर्तबं एकाच भिंतीवर डिंकानं चिकटवली. कल्पनेचा खरा जीव इथे आहे. मालिकेतल्या आणखी एका फलकाचा आशय असा, की हे कागदापेक्षा पैशांवर छापणं स्वस्त पडतं. वाचताना अतिशयोक्ती वाटते, पण तो सरळ व्यवहार आहे. अर्थतज्ज्ञ स्टीव्ह हँके यांच्या अंदाजानुसार नोव्हेंबर 2008 मध्ये झिम्बाब्वेतली महागाई महिन्याला 7,960 कोटी टक्क्यांवर गेली होती.

नोट जरा जवळून पाहावी. जानेवारी 2009 मध्ये आलेली शंभर ट्रिलियन डॉलरची नोट, एकावर चौदा शून्यं, आपल्या मापात एक कोटी कोटी. तिच्यावर चित्र आहे हरारेजवळच्या एपवर्थ इथल्या, एकावर एक तोल सांभाळून उभ्या असलेल्या शिळांचं. आणि आपल्या नोटेवर असतं तसंच, धारकाला एवढी रक्कम अदा करण्याचं वचन. खाली गव्हर्नर गिडियन गोनो यांची सही. व्यंग्यकाराला एरवी हे सगळं रचावं लागतं. इथे ते सरकारी छापखान्यातूनच तयार होऊन आलेलं. जाहिरातवाल्यांनी फक्त त्यावर अक्षरं छापली. आरोपपत्र लिहायला आरोपीनंच सही केलेला कागद वापरावा, असं क्वचितच जमतं.

मला मोठ्या फलकांपेक्षाही त्या मोहिमेतली हस्तपत्रकं अधिक आवडतात. तीही नोटांचीच. रस्त्यात कुणी हातात कोंबलेलं पत्रक माणूस चार पावलांवर चुरगळून टाकतो. नोट मात्र टाकवत नाही, तिची किंमत शून्य आहे हे माहीत असूनही. हात आधी ती घेतो आणि मग डोकं हसतं.

मुगाबेंचं नाव घेणारी ओळ मात्र मला डावी वाटते. आभाराचा तो तिरकस सूर कुठल्याही विरोधी पक्षाच्या पोस्टरवर शोभला असता. कागदाच्या हिशेबाची ओळ कुणाचंच नाव घेत नाही, म्हणून ती खोल जाते.

आणि हसणार कोण, हेही पाहायला हवं. जोहान्सबर्गच्या कचेरीत निघालेल्याला ही कोटी होती. तिथेच पहारा देणाऱ्या झिम्बाब्वेच्या माणसाला ती आयुष्यभराची बचत होती. मे 2008 मध्ये, ट्रक जळाला त्याच महिन्यात, याच शहरातल्या अलेक्झांड्रा वस्तीतून परदेशी मजुरांवरचे हल्ले सुरू झाले आणि देशभर साठाहून अधिक माणसं मारली गेली. आपण कुठले हे बोलण्यावरून ओळखू येऊ नये, म्हणून जपणाऱ्यांच्या शहरात त्यांच्या देशाच्या नोटा भिंतीवर उघड मिरवत होत्या. मोहिमेला कानच्या जाहिरात महोत्सवात ग्रां प्री मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर अंक उघडून पाहिला, हा खवचट प्रश्न मनात येतोच.

2015 मध्ये झिम्बाब्वेनं जुनं चलन अधिकृतपणे मोडीत काढलं. ज्यांच्या खात्यात 175 वर पंधरा शून्यं, इथपर्यंतची कितीही रक्कम होती, त्यांना सरसकट पाच अमेरिकी डॉलर मिळाले. संग्राहक आता शंभर ट्रिलियनच्या एकेका नोटेला याच्या कितीतरी पट मोजतात. छपाई सुटलेलं ‘द झिम्बाब्वियन’ आज केवळ संकेतस्थळावर चालतं. तो फलक पुन्हा करायचा म्हटलं, तर त्याला परवडायचा नाही.