किमान म्हणजे नेमके किती? डेबियनचे एक परीक्षण

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार संपला आणि शाळांच्या संगणक खोल्यांतील पुष्कळ यंत्रे एका दिवसात ‘जुनी’ ठरली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती नसलेले यंत्र बिघडलेले असते असे नाही, पण त्याला पुढे नवे काही मिळत नाही. अशा यंत्रांवर मुक्त स्रोत कार्यप्रणाली बसवा, तीही अगदी किमान स्वरूपात, असा सल्ला हल्ली बरेच जाणकार देतात. जळकोटला २ जीबी रॅमच्या एका जुन्या यंत्रावर आम्ही तो पाळून पाहिला. प्रणाली निवडली डेबियन. तिच्याविषयी चांगले बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण एक तक्रारही आहे आणि ती साधी नाही.

आधी गुण. डेबियनचा प्रकल्प इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केला. तिचा गाभा म्हणजे लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतलेला लिनक्स, आणि त्याभोवतीची बरीचशी अवजारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातली. साधारण पाऊण जीबीची एक फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायची, यंत्र त्यावरून सुरू करायचे आणि उरलेले इंटरनेटवरून आणायचे. शेवटी प्रणाली विचारते की कोणकोणते संच हवेत. तेथे डेस्कटॉपपुढची खूण काढली की काही मिनिटांत काळा पडदा आणि त्यावर नाव विचारणारी एक ओळ, एवढेच हाती येते. ना चित्रे, ना खिडक्या, ना माउस.

शिक्षकाला ही काळी पाटी मोलाची वाटावी. सायकल सुटी करून पुन्हा जोडलेल्या मुलाला चेन का उतरते ते सांगावे लागत नाही. येथेही तसेच होते. एक पॅकेज मागितले की ते चालायला आणखी कोणती लागतात याची यादी प्रणाली आधी दाखवते, मग ‘आणू का?’ असे विचारते. फाइल कोठे राहते, आज्ञा कोण वाचते, गाभा कोणता आणि वरचे थर कोणते, हे नववीच्या विद्यार्थ्याला हाताने करून कळते. विकत घेतलेल्या बंद प्रणालीत हे इतके उघडे दिसत नाही.

आता तक्रार. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे. पण तो सुरू होताना दोन वाटा देतो, एक चित्रमय आणि एक निव्वळ अक्षरांची. चित्रमय वाटेने गेलात तर भाषांच्या यादीत मराठी सापडते. अक्षरांच्या वाटेने गेलात तर ती यादीतच नसते. आणि किमान प्रणाली हवी असणारा मनुष्य, जुने यंत्र समोर असताना, साहजिकच हलकी म्हणून दुसरी वाट धरतो.

आम्ही चित्रमय वाटेने मराठी निवडली, डेस्कटॉप नाकारला आणि सगळे सुरळीत बसले. मग प्रशासकाच्या खात्यातील एक लहानशी फाइल उघडली, तर तीत इन्स्टॉलरने स्वतःहून टीप लिहून ठेवलेली होती. निवडलेली भाषा या पडद्यावर नीट दाखवता येत नाही, म्हणून या खात्याला भाषांतर दिलेले नाही, असा तिचा आशय. प्रामाणिकपणाबद्दल कौतुकच करायला हवे. पण म्हणजे मराठी विचारली, आम्ही ‘हो’ म्हणालो, आणि काम संपताना ती परत घेतली गेली.

हे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. लिनक्सचा काळा पडदा चौकटींचा असतो. एका संकेताला एक चौकट, आणि फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ विभागाला १२८ जागा आहेत, तेव्हा अडचण संख्येची नाही. अडचण लिपीच्या स्वभावाची आहे. ‘कि’ लिहिताना आपण आधी क टंकतो, मग वेलांटी, पण वेलांटी दिसते कच्या आधी. ‘क्ष’ हे यंत्राच्या दृष्टीने क, हलन्ताचे चिन्ह आणि ष असे तीन संकेत असून दिसायला मात्र एक आकृती. ही जुळणी करणारे वेगळे सॉफ्टवेअर लागते (मुक्त प्रणालींत बहुधा हार्फबझ), आणि काळ्या पडद्यामागे ते नसते. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘जळकोट’ हा शब्द फक्त पाच कळांचा आहे. ज, शिफ्टसह ल म्हणजे ळ, मग क, ओकार आणि ट. त्यात एकही जोडाक्षर नाही, तरी तो शब्द असलेली फाइल या पडद्यावर उघडली तर एकही अक्षर ओळखू येत नाही.

जुन्या वाचकांना जिस्ट कार्ड आठवत असेल. आयआयटी कानपूरमधील कामातून निघालेले आणि पुण्याच्या सीडॅकने पुढे आणलेले ते कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसत. तेव्हा मराठीसाठी वेगळे हार्डवेअर विकत घ्यावे लागे. आता ते लागत नाही, सारे फुकट मिळते, पण ‘किमान’ या शब्दाच्या बाहेर ठेवलेले मिळते. माझा आक्षेप एवढाच आहे. रोमन लिपी वापरणाऱ्याला जे पुरेसे आहे त्याला किमान म्हटले गेले, आणि ते सर्वांचेच किमान समजले जाते.

चित्रमय पडदा घेतला की प्रश्न सुटतो का? अर्धाच. काटकसरीने बसवणारे लोक ‘शिफारस केलेली पॅकेजे नकोत’ अशी आज्ञा हौसेने वापरतात. तसे केले की पुष्कळदा देजावू हा फॉन्ट तेवढा येतो. तो सुरेख आहे, पण त्यात देवनागरी नाही, त्यामुळे मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात. एक्सटर्म नावाची हलकी खिडकी घेतली तर फॉन्ट असूनही जोडाक्षरे जुळत नाहीत. हलकेपणाच्या प्रत्येक पायरीवर आधी आपली लिपी गळते.

आणि वाचवले जाते ते किती? रेड हॅटच्या पुढाकाराने निघालेला लोहित देवनागरी हा मुक्त फॉन्ट एका मेगाबाइटच्या लहानशा हिश्शात मावतो. चित्रमय पडदा जड असतो हेही पूर्ण खरे नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा येथील शाळेत ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेची यंत्रे आली होती. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम आणि १ जीबी साठवण एवढ्या ऐवजावर फेडोरा लिनक्स छाटून ‘शुगर’ नावाचा चित्रमय पडदा चालवला होता. आमच्या यंत्राची रॅम त्याच्या आठपट आहे.

टायनी कोअरसारखी प्रणाली तर २३ मेगाबाइटमध्ये पडदा आणि खिडक्या देते. तंत्र म्हणून ती थक्क करते. पण तिच्या लहानपणाची स्तुती ऐकताना, त्या २३ मध्ये कोणाची अक्षरे धरली आहेत हे विचारायची सवय आपण लावून घ्यावी.

(आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात याबद्दल मात्र माझी कुरकुर नाही. पाचवीच्या मुलांनाही त्या जमतात.)

हजेरीपटाचीही एक गंमत सांगतो. भाषेचे नियम न सांगता नावे क्रमाने लावायला सांगितली तर यंत्र संकेतांच्या क्रमाने लावते. मग ‘क्ष’ने सुरू होणारी नावे कच्या घरात जातात आणि ळ हा लच्या लगेच पुढे येऊन बसतो. आपल्या वर्णमालेत तो हनंतर येतो हे मुले लगेच ओळखतात. त्यावरून युनिकोडचा एक चांगला तास होतो.

शेवटी आम्ही जे ठेवले ते असे: डेबियनचा मूळ गाभा, ओपनबॉक्स हा हलका खिडकी-व्यवस्थापक, माउसपॅड हा साधा संपादक, लोहित फॉन्ट, इनस्क्रिप्ट कळफलक आणि एक ब्राउझर. हे २ जीबीत चालते, फक्त ब्राउझरमध्ये एका वेळी फार पाने उघडायची नाहीत. यंत्र त्याहून जुने, ३२ बिटांचे असेल तर एक ध्यानात ठेवावे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियनच्या १३व्या आवृत्तीत तशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही. १२व्या आवृत्तीत आहे.

बसवून झाले की संपादकात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द टंकून पाहावेत. दुसऱ्यासाठी शिफ्ट धरून र दाबायचा. दोन्ही शब्द वेगवेगळे आणि बरोबर दिसले तर यंत्र वर्गात न्यायला हरकत नाही.