'गेमाइंडे' म्हणजे चर्च नव्हे

चाकण-तळेगावच्या पट्ट्यात जर्मन शब्दांचे अप्रूप आता राहिलेले नाही. फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने यांच्यामुळे जर्मन भाषा शॉप फ्लोअरवर येऊन पोचली. मीही ती भोसरीच्या एका कारखान्यात, यंत्रांच्या मॅन्युअलांतून शिकलो. 'ड्रेमोमेंट'चे इंग्रजीत 'टॉर्क' होते, तो टॉर्क मराठी कामगाराच्या हाती येतो, आणि या दोन उड्यांत काहीही सांडत नाही. म्हणून आपली अशी समजूत होऊन बसली आहे की जर्मन मजकूर इंग्रजीमार्गे मराठीत आणणे ही निव्वळ सोय आहे, त्यात तोटा नाही. जर्मन साहित्य, चरित्रे, इतिहास, सारे याच वाटेने येते. ही समजूत किती खोटी आहे हे पाहायचे असेल तर चर्चच्या जुन्या जर्मन शब्दांकडे वळावे.

'गेमाइंडे' हा शब्द घेऊ. ल्यूथरने 1522 साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ ग्रीक 'एक्लेसिया'साठी त्याने रूढ 'किर्शे' (चर्च) टाळून 'गेमाइने' हा शब्द घेतला. आजचा 'गेमाइंडे' तो हाच. किर्शे म्हटले की इमारत, बिशप, पोपची सत्ता डोळ्यांपुढे येई. गेमाइने म्हणजे जमलेली माणसे. ही निवड निरागस नव्हती. विल्यम टिंडेलने 1526च्या इंग्रजी भाषांतरात तेच केले. त्याने 'चर्च'ऐवजी 'काँग्रिगेशन' लिहिले. सर टॉमस मूर त्याच्यावर तुटून पडला, आणि त्याच्या आक्षेपांत हा एक शब्द ठळक होता. 1536 साली टिंडेलला गळा आवळून मारले आणि जाळले. पुढे राजा जेम्सच्या आज्ञेने जे भाषांतर 1611 साली निघाले, त्याच्या भाषांतरकारांना लेखी नियमच घालून दिला होता, की जुने चर्ची शब्द तसेच ठेवावेत, 'चर्च'चे 'काँग्रिगेशन' करू नये. म्हणजे इंग्रजीतला 'चर्च' हा शब्द त्या जागी राजाज्ञेने बसलेला आहे. जर्मन गेमाइंडेचे आपण डोळे मिटून 'चर्च' करतो, तेव्हा ल्यूथरचा मजकूर ल्यूथरच्या विरोधकांच्या शब्दात लिहून काढतो.

मराठीला या वळशाची गरजच नव्हती. मराठी बायबलात एक्लेसियासाठी पूर्वीपासून 'मंडळी' आहे. नगर जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट घरांत आजही 'आमची मंडळी' म्हणजे आमच्या उपासनेला जमणारा समाज. कोणी म्हणेल, मराठीत मंडळी फार सैल शब्द आहे. नाटकमंडळी असते, आणि बायकोलाही गमतीने 'आमची मंडळी' म्हणतात. पण गेमाइंडे तरी कुठे आवळ आहे? आजच्या जर्मनीत गावपातळीवरच्या स्थानिक स्वराज्य संस्थेलाही गेमाइंडेच म्हणतात. दोन्ही शब्दांचा सैलपणा एकाच जातीचा आहे, आणि इतका जुळणारा शब्द इंग्रजीपाशी नाही. चर्च, पॅरिश, काँग्रिगेशन, कम्युनिटी असे चार तुकडे केल्यावर इंग्रजीला गेमाइंडे कसाबसा पेलतो.

'फारर' या शब्दाची अडचण उलटी आहे. जर्मनीत कॅथलिक गावचा धर्मगुरू फारर, आणि ल्यूथरन गावचाही फाररच. इंग्रजीत मात्र 'प्रीस्ट' की 'पास्टर' हे ठरवावे लागते, आणि घाईत प्रीस्ट पडतो. नीत्शेचा बाप ल्यूथरन फारर होता. तो प्रीस्ट झाला, मराठीत कॅथलिक अर्थाने धर्मगुरू झाला, की नीत्शे हा ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या माणसाचा मुलगा ठरतो आणि वाचक भलत्याच शंकेत पडतो. फाररचे घर, त्यातली पुस्तके, काटकसर, दारी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ, या घरांनी जर्मनीला पिढ्यान्‌पिढ्या लेखक आणि विचारवंत दिले. ते घर मराठी वाचकाला अपरिचित आहे असे समजण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचली, त्याला रेव्हरंडाचा संसार ठाऊक आहे. तिथे 'पाळक' हाच शब्द हवा.

'इव्हांगेलिश'बद्दल थोडक्यात. जर्मनीत त्याचा अर्थ साधा आहे: प्रोटेस्टंट, बहुधा ल्यूथरन. 1817 साली प्रशियाच्या राजाने ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड पंथांना एकत्र आणले, त्या संयुक्त चर्चचे नावही इव्हांगेलिश. त्याचे 'इव्हँजेलिकल' केले की अमेरिकेतला टीव्हीवरचा प्रचारक समोर उभा राहतो. 'डिआकोनुस'चीही तीच गत. जुन्या ल्यूथरन शहरांत तो दीक्षित, दुय्यम पाळक असे. इंग्रजी 'डीकन' लिहिले की त्याची पायरी उतरते.

सगळ्यात अवघड आहे 'बूसे'. लॅटिन बायबलातल्या शब्दाला धरून कॅथलिक परंपरा 'प्रायश्चित्त करा' असे वाचत आली; मूळ ग्रीकमध्ये 'मन पालटा' असा भाव आहे. ल्यूथरच्या 1517च्या पंचाण्णव विधानांतले पहिलेच विधान या शब्दावर आहे. श्रद्धावंताचे सारे आयुष्यच बूसे असावे, धर्मगुरूपुढे उरकण्याचा तो विधी नव्हे, असा त्याचा रोख. ती विधाने लॅटिनमध्ये होती, पण जर्मनीतही दोन्ही अर्थांना बूसे हा एकच शब्द आहे. किंबहुना त्या विधानाची धार शब्द एकच असण्यात आहे. इंग्रजीत 'पेनन्स' आणि 'रिपेंटन्स' अशी फाळणी झालेली. टिंडेलवरच्या मूरच्या आक्षेपांत हाही शब्द होता. मराठीत 'प्रायश्चित्त' आणि 'पश्चात्ताप'. पण आपल्या प्रायश्चित्ताला स्वतःचा इतिहास आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा घेतला, त्यावरून केवढे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले, हे विसरून हा शब्द वापरता येत नाही. पंचगव्य, दक्षिणा, जातीत परत घेणे, सगळे त्याच्यामागून येते. पंडिता रमाबाईंनी बायबलाचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले ते नेमक्या याच धास्तीने. संस्कृत शब्दांबरोबर त्यांचे जुने अर्थही आत शिरतात, असे त्यांचे म्हणणे होते. 1922 साली त्या गेल्या. बायबल छापून निघाले 1924 साली. माझ्या मते ल्यूथरच्या विरोधकांच्या तोंडी 'प्रायश्चित्त' शोभते, कारण तिथे विधी आणि मोबदल्याचा वास हवाच आहे. ल्यूथरच्या तोंडी 'पश्चात्ताप'. एकच शब्द दोघांना दिला तर भांडण कशावरून झाले तेच कळणार नाही. (याच बूसेवरून जर्मनीत वाहतुकीच्या दंडाला 'बूसगेल्ट' म्हणतात. विधीचा अर्थ शेवटी पोलिसांकडे गेला.)

हे शब्द आणायचे कुठून? पाद्री, मिस्सा, नाताळ हे पोर्तुगीजांकडून येऊन कधीच मराठी झाले. गोव्यात इगर्ज आहे. 1850च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबई-पुण्याचे कॅथलिक मिशन जर्मन जेझुइटांकडे होते, आणि नगरच्या खेड्यांतही ते पोचले. तिथे 1831पासून अमेरिकन मराठी मिशन होतेच. त्यामुळे त्या जिल्ह्यात मिस्सा आणि उपासना, फादर आणि पाळक, स्नानसंस्कार आणि बाप्तिस्मा अशा जोड्या शेजारी शेजारी नांदतात. जर्मनीतल्या कॅथलिक-ल्यूथरन गावांचा भेद दाखवायला हव्यात तशाच या जोड्या आहेत. त्या बोलणारी कितीतरी कुटुंबे नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला आली. आमचे भाषांतरकार मात्र शब्दासाठी ऑक्सफर्डचा कोश उघडतात. पिंपरीत राहणाऱ्या पाळकाला विचारत नाहीत. ख्रिस्ती मराठी ही मराठीच आहे, हे प्रमाणभाषेला अजून पटलेले दिसत नाही.

अर्थात सगळ्याच शब्दांना मराठीत जोडी मिळत नाही. जर्मन खेड्यातला 'क्यूस्टर' घंटा वाजवी, चर्चची देखरेख करी आणि पुष्कळदा गावची शाळाही चालवी. इंग्रजी 'सेक्स्टन' ऐकले की कबरी खणणारा आठवतो, शाळा गळून पडते. मराठीत 'गुरव' लिहिण्याचा मोह होतो, पण गुरव ही जात आहे, वतन आहे. क्यूस्टर नेमला जाई. तिथे क्यूस्टर तसाच ठेवावा, आणि तो सकाळी घंटा वाजवून मग पोरांना अक्षरे शिकवायला जाई, हे एका वाक्यात सांगावे.