टेबलावरच्या फुटबॉलमध्ये पाळी कुणाची?

क्रिकेट टेबलावर आणणं तुलनेनं सोपं आहे. चेंडू टाकला, फटका बसला, धावा झाल्या आणि क्षणभर सगळं थांबलं. हा खेळ मुळातच सुट्या चेंडूंचा बनलेला आहे. म्हणूनच आपल्या शाळांच्या मागच्या बाकांवर पाठ्यपुस्तकाचं पान उघडून, पृष्ठक्रमांकाचा शेवटचा आकडा पाहून बुक क्रिकेट रंगत आलं. फुटबॉलला ही सोय नाही. तिथं बावीस जण एकाच वेळी हलत असतात. चेंडूपासून दूर असलेला खेळाडूही जागा मोकळी करून किंवा अडवून खेळतच असतो. बैठे खेळ मात्र बहुतेक पाळीपाळीनं चालतात. आता तू, मग मी.

त्यामुळे फुटबॉलचा कोणताही बैठा खेळ हाती आला की मी आधी एकच गोष्ट पाहतो : पाळी कधी आणि कशामुळे बदलते? खोक्यावरचं चित्र, संघांचे अधिकृत बिल्ले, खेळाडूंचे चेहरे हे सगळं नंतर. गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाची काही फार सुंदर उत्तरं शोधली गेली. आज बाजारात सर्वाधिक झळकणारे खेळ मात्र हा प्रश्नच टाळतात, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

सर्वांत प्रसिद्ध उत्तर सबब्युटिओचं. इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सजवळ राहणाऱ्या पीटर अ‍ॅडॉल्फनं १९४६ मध्ये त्याची जाहिरात केली आणि १९४७ पासून संच विकायला सुरुवात केली. युद्धानंतरच्या टंचाईचे ते दिवस होते. पहिल्या संचात पुठ्ठ्याचे चपटे खेळाडू होते, त्यांच्या तळाशी बटणासारखी बैठक होती, आणि मैदान नव्हतंच. घरातल्या जुन्या लष्करी ब्लँकेटवर खडूनं रेषा आखायच्या. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. लिव्हरपूलच्या विल्यम कीलिंगचा न्यूफूटी हा तशाच धाटणीचा खेळ १९२९ पासून चालत होता. पण घराघरांत पोचला तो सबब्युटिओ.

त्याचा नियम असा : खेळाडूला नखानं टिचकी मारायची, तो घसरत जाऊन चेंडूला लागला पाहिजे. चेंडू नंतर प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूला लागला नाही, तर पाळी तुमच्याकडेच राहते. मात्र एकाच खेळाडूनं सलग तीनदाच चेंडू खेळायचा. पुढचा स्पर्श दुसऱ्याचा हवा. म्हणजे चेंडूचा ताबा हीच पाळी, आणि पाळी टिकवायची तर पास देणं भाग आहे. त्यावर कडी अशी की, चढाई करणाऱ्याच्या प्रत्येक टिचकीगणिक बचाव करणाऱ्यालाही एक अडवी टिचकी मिळते. त्यामुळे समोरचा हात बांधून बसत नाही, जागा अडवत राहतो. इतक्या थोड्या नियमांत फुटबॉलचा इतका मोठा अंश पकडणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. कॅरमवर तयार झालेल्या बोटांना ही टिचकी लगेच ओळखीची वाटेल. फरक एवढाच की कॅरममध्ये नेम सोंगटीवर असतो, इथे नेम पुढच्या टिचकीसाठी चेंडू कुठे थांबेल त्यावर असतो.

१९६८ मध्ये वॅडिंग्टन्स या कंपनीनं सबब्युटिओ विकत घेतला. क्लबांच्या रंगातले संघ, प्रकाशझोतांचे खांब, प्रेक्षकांचे सज्जे, सगळं छोट्या आकारात मिळत असे. पुढे संगणकीय खेळांच्या लाटेत त्याचा बाजार आकसला. तरी १९९२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या छत्राखाली आजही स्पर्धा होतात, आणि इटलीत त्याचं वेड विशेष आहे. सजावट विरली तरी खेळ टिकला, कारण त्याचा पाया नियमात होता.

ब्राझील आणि हंगेरीत हाच विचार बटणांमधून वाढला. कोटाची बटणं म्हणजे खेळाडू, ती दाबून किंवा सरकवून चेंडू ढकलायचा. ब्राझीलमध्ये जेराल्दो देकूर यानं १९३० मध्ये नियमपुस्तिका छापली, आणि १९८८ मध्ये या खेळाला अधिकृत क्रीडाप्रकाराचा दर्जा मिळाला. तिथले प्रांतोप्रांतीचे नियम मला फार बोलके वाटतात. बाहियाच्या पद्धतीत एका स्पर्शानंतर पाळी बदलते, रिओच्या पद्धतीत तीन स्पर्श मिळतात, साओ पावलोच्या पद्धतीत बारापर्यंत. बटणं जवळपास तीच, पण खेळ तीन वेगवेगळे. एका स्पर्शाच्या खेळात प्रत्येक चाल बुद्धिबळासारखी मोजून करावी लागते, बारा स्पर्शांत चढाई रचता येते. पाळीची लांबी बदलली की फुटबॉलची शैली बदलते, हे या तीन पद्धती शेजारी ठेवल्या की लख्ख दिसतं.

जर्मनीच्या टिप-किकनं हा निर्णय चेंडूवरच सोपवला. मूळ कल्पना स्टुटगार्टच्या कार्ल मायर यांची. १९२४ मध्ये श्वेनिंगेनच्या एडविन मीग यांनी ती विकत घेतली. धातूच्या खेळाडूच्या डोक्यावरचं बटण दाबलं की त्याचा पाय चेंडूला लाथ मारतो. चेंडू गोल नाही, बारा पैलूंचा आणि दोन रंगांचा. तो थांबल्यावर वरच्या बाजूला ज्याचा रंग, पाळी त्याची. वरवर पाहता हा निव्वळ नशिबाचा खेळ. पण सराव झालेला खेळाडू चेंडू अशा बेतानं मारतो की, तो आपलाच रंग वर घेऊन थांबण्याची शक्यता वाढावी. नियमात नशीब आहे आणि नशिबावर हात बसवण्याचं कौशल्यही आहे. मैदानावरच्या सुटलेल्या चेंडूचंही तसंच असतं.

दांड्यांच्या टेबलानं, म्हणजे फूसबॉलनं, पाळीच काढून टाकली. ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड थॉर्न्टन यांचं अशा टेबलाचं पेटंट १९२३ चं आहे. स्पेनमध्ये याचं श्रेय कवी अलेहांद्रो फिनिस्तेरे यांना दिलं जातं. यादवी युद्धात जखमी होऊन ते रुग्णालयात होते. मैदानात पुन्हा खेळू न शकणारी जखमी मुलं तिथं पाहून हे टेबल सुचलं, असं ते सांगत. आज पुण्या-मुंबईच्या कितीतरी कार्यालयांच्या उपाहारगृहांत फूसबॉलचं टेबल असतं. वेग, झटापट, आरडाओरडा या बाबतीत त्याला तोड नाही. मात्र त्याची किंमत मोकळ्या जागेनं मोजावी लागते. खेळाडू दांडीला जखडलेले. कुणी धावत जाऊन जागा निर्माण करू शकत नाही. दांडी गरागरा फिरवणं स्पर्धेच्या नियमांत निषिद्ध आहे, ते योग्यच. नाहीतर उरलेलं कौशल्यही गेलं असतं.

कागद-पेन्सिलीच्या खेळांकडे समीक्षक फारसे वळत नाहीत, हा अन्याय आहे. पोलंडमध्ये लोकप्रिय असलेल्या कागदी फुटबॉलला चौकटीचा कागद पुरतो. चेंडू म्हणजे एक बिंदू. आपल्या पाळीला तो शेजारच्या बिंदूपर्यंत रेघ ओढून न्यायचा, आणि एकदा ओढलेल्या रेघेवरून पुन्हा जायचं नाही. पण चेंडू सीमारेषेवर किंवा आधी स्पर्श झालेल्या बिंदूवर पोचला, तर तो उसळतो आणि तुम्हाला आणखी एक चाल मिळते. म्हणजे सुरुवातीचं संथ मैदान हळूहळू रेघांनी भरतं, आणि शेवटी एकाच पाळीत चेंडू उसळत उसळत थेट गोलात जातो. प्रतिहल्ल्याचा थरार इतक्या स्वस्तात आणखी कुठे मिळतो?

गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा फुटबॉल, म्हणजे ‘फिलॉसॉफर्स फुटबॉल’, याहून विलक्षण. गो या खेळाच्या पटावर एक पांढरा दगड म्हणजे चेंडू, बाकी काळे दगड म्हणजे खेळाडू, आणि ते सगळे दोघांचे सामाईक. पाळीला एकतर नवा खेळाडू ठेवा, नाहीतर चेंडूला रांगेतल्या खेळाडूंवरून उड्या मारायला लावा. ज्यांच्यावरून उडी गेली ते उचलले जातात. मी रचलेली वाट माझ्याविरुद्धही वापरता येते. एकाच चालीत जिंकता येईल का, हे ठरवणंसुद्धा संगणकशास्त्राच्या दृष्टीनं अत्यंत अवघड वर्गातलं कोडं असल्याचं सिद्ध झालं आहे. मोकळ्या जागेचा इतका शुद्ध विचार मोठमोठ्या खोक्यांतल्या खेळांतही सापडत नाही.

त्या खोक्यांतले सगळे खेळ टाकाऊ नाहीत. गेम्स वर्कशॉपच्या ‘ब्लड बोल’नं १९८६ मध्ये अमेरिकी फुटबॉल राक्षस-बुटक्यांच्या दुनियेत नेला. आपला फुटबॉल तो नव्हे, पण त्याचा एक नियम शिकण्यासारखा आहे : चाल फसली की पाळी तिथेच संपते. त्यामुळे जोखमीची चाल शेवटी ठेवायची की आधीच करून टाकायची, हा निर्णय खेळाडूला सतत घ्यावा लागतो. डच रचनाकार कॉर्ने व्हान मोर्सेल यांच्या ‘स्ट्रीटसॉकर’मध्ये फाशावर पडलेलं दान आधी खेळाडूच्या धावण्याला लागतं आणि उरलेलं चेंडूला. पाय पुढे गेले की लाथेतलं बळ कमी होतं. षटकोनी घरांच्या पटावरचा ‘काउंटर अटॅक’ तर पाळीचे तुकडेच करतो. आधी चढाई करणारे काही खेळाडू हलतात, मग बचाव करणारे, मग पुन्हा चढाई करणारे. खेळ त्यामुळे लांबतो, पण जागेसाठीची ओढाताण पटावर खरोखर दिसते.

आता प्रचलित बाजाराकडे वळू. तिथं दोन घराण्यांचं राज्य आहे. पहिलं पत्त्यांचं. पानिनीनं १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून विश्वचषकाच्या चिकटचित्रांचे संग्रह काढले. नंतर टॉप्सच्या ‘मॅच अटॅक्स’सारख्या पत्त्यांवर आक्रमणाचे, बचावाचे आकडे आले. मुलांची देवाणघेवाण, एखाद्या दुर्मीळ पत्त्यासाठीची घासाघीस हा या छंदाचा खरा आनंद आहे, आणि मी तो कमी लेखत नाही. पण खेळ म्हणून त्यात आहे काय? माझा आकडा मोठा की तुझा. पाळी आहे, निर्णय जवळजवळ नाही. बंद पाकिटात काय निघेल ते ठाऊक नसताना मुलं पाकिटामागून पाकीट घेतात, आणि जास्त पाकिटं घेऊ शकणारा वरचढ ठरतो. याला खेळापेक्षा विक्रीची युक्ती म्हणणंच योग्य.

दुसरं घराणं व्यवस्थापकांचं. नॉर्वेचा ‘सुपरक्लब’, पोलंडच्या पोर्टल गेम्सनं २०२२ मध्ये काढलेला ‘इलेव्हन’. खेळाडू विकत घ्या, प्रशिक्षक नेमा, पैशाचा मेळ घाला. ‘सुपरक्लब’मध्ये खेळाडूसाठी लागणारी बोली टेबलाभोवती धमाल आणते. ‘इलेव्हन’ची घडण नेटकी आणि विचारी आहे. क्लब चालवणं हाही आजच्या फुटबॉलचा भाग आहे, हे मान्य. पण या खेळांत प्रत्यक्ष सामना म्हणजे आठवडाभर केलेल्या बेरजेचा निकाल. चेंडू कुठे आहे, कुणाच्या पायात आहे, पास कुणाला द्यायचा, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. चाहत्याला मालकाच्या खुर्चीत बसवण्याच्या नादात मैदानच खोक्याबाहेर राहिलं. यशस्वी संगणकीय खेळांची नक्कल करताना रचनाकारांनी त्यांचा हिशेब उचलला. पण पडद्यावर सामना निदान डोळ्यांसमोर उलगडतो, पटावर तेवढंही उरत नाही.

आपल्याकडे फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं भरपूर आहेत. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या तालमी-मंडळांच्या लढतींना शाहू स्टेडियम भरून जातं. गोव्यात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावं घराघरांत माहीत आहेत. यावर बेतलेला बैठा खेळ जरूर व्हावा. मात्र तालमींचे झेंडे आणि खेळाडूंचे फोटो छापलेले आणखी काही पत्ते, एवढ्यावर भागवू नये. कोल्हापूरच्या हंगामात तेच संघ पुन:पुन्हा भिडतात आणि पेठेला मागचा हिशेब पाठ असतो. मागच्या सामन्यात जिथून मार खाल्ला, ती बाजू पुढच्या डावात लक्षात ठेवणारा एखादा नियम इथल्या रचनाकाराला सुचू शकतो. ते साहित्य दुसऱ्या कुणाकडे नाही.

तोवर चाहत्यानं पैसे टाकण्याआधी नियमपुस्तिका उघडावी आणि पाळी बदलण्याचं कलम वाचावं. चेंडू गेला म्हणून पाळी गेली, असं तिथं लिहिलेलं असेल तर तो खेळ घरी आणावा. नुसतीच बेरीज झाली म्हणून पाळी गेली, असं असेल तर चौकटीची वही आणि एक पेन्सिल घ्यावी, आणि समोर मित्राला बसवावं. फुटबॉल त्या वहीत जास्त आहे.