आजची पकड, पंधरा वर्षांपूर्वीची बातमी

स्टर्जन हा मासा आपल्या नद्यांत नाही. त्याची मीठ लावलेली अंडी, म्हणजे कॅव्हियर, आपल्या ताटात येण्याचा संभवही कमीच. तरीही इंगा सॅफ्रॉन यांचे ‘कॅव्हियर’ (२००२) हे इंग्रजी पुस्तक शिक्षकांनी वाचावे असे आहे. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ते जुने झालेले नाही. मात्र त्यातील एक उणीव वाचकाने स्वतः भरून काढायला हवी.

सॅफ्रॉन या अमेरिकन पत्रकार. १९९०च्या दशकात त्या मॉस्कोत फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राच्या बातमीदार होत्या. सोव्हिएत संघ १९९१मध्ये फुटला आणि कॅस्पियन समुद्राभोवती दोन देशांऐवजी पाच देश झाले. देखरेख ढिली पडली, चोरटी मासेमारी व तस्करी बोकाळली. हा भाग त्यांनी जवळून पाहिलेला असल्याने तो जिवंत उतरला आहे. त्याच्या जोडीला त्या एक जुनी गोष्टही सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतील डेलावेअर नदी कॅव्हियरच्या व्यापाराचे मोठे केंद्र होती. नदीकाठच्या एका वस्तीचे नावच ‘कॅव्हियर’ पडले होते. १९००च्या सुमारास तिथला स्टर्जन जवळजवळ संपला. कॅस्पियनची कहाणी पहिली नाही, हे त्यातून चांगले ठसते.

उणीव पुस्तकाच्या नावातच आहे. ही गोष्ट अंड्यांची आहे, माशाची नव्हे. त्यामुळे पुस्तक मिटताना मनात उरतात ते तस्कर, व्यापारी आणि श्रीमंतांच्या मेजवान्या. लोभ थांबला की मासा वाचेल, असे वाटू लागते. हे अर्धेच खरे आहे.

राहिलेले अर्धे माशाच्या वयात दडलेले आहे. बेलुगा या सर्वांत मोठ्या स्टर्जनची मादी पहिल्यांदा अंडी घालते तेव्हा तिचे वय साधारण पंधरा ते वीस वर्षे असते. पुढेही ती दरवर्षी अंडी घालत नाही. मध्ये काही वर्षे जातात. म्हणजे आज जाळ्यात आलेली मादी पंधरा-वीस वर्षांपूर्वी, किंवा त्याही आधी जन्मलेली असते. आजच्या पकडीवरून आजच्या नदीची प्रकृती कळत नाही.

आता व्होल्गा नदीकडे पाहा. व्होल्गोग्राडचे धरण १९६०च्या सुमारास उभे राहिले आणि बेलुगाच्या अंडी घालण्याच्या बहुतेक जागा त्याच्या वर, आवाक्याबाहेर गेल्या. सोव्हिएत सरकारने उबवणी केंद्रे काढून दरवर्षी कोट्यवधी पिल्ले सोडली, समुद्रातील मासेमारी बंद करून ती नदीपुरती ठेवली. कॅस्पियनची पकड १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ३०,००० टनांपर्यंत पोहोचली. सगळे ठीक आहे, असेच कोणालाही वाटले असते. पण सोव्हिएत संघ फुटण्यापूर्वीच पकड उतरू लागली होती, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस ती दहाव्या हिश्श्याहूनही खाली गेली. तस्करांनी शेवटचा घाव घातला, पण पाया आधीच खचला होता. उबवणी केंद्रांनाही पिल्लांसाठी रानातल्या माद्याच लागतात. त्या मिळेनाशा झाल्यावर केंद्रे तरी काय करणार?

हे वर्गात गणिताने दाखवता येईल. वयात आलेल्या १०० माद्या घ्या. नव्याने वयात येणाऱ्या माद्या हिशेबासाठी बाजूला ठेवा. दरवर्षी उरलेल्यांपैकी २० टक्के पकडल्या तर पंधरा वर्षांनी तीन-चारच उरतात. ५ टक्के पकडल्या तर ४६ उरतात. पहिल्या वर्षी जन्मलेली पिल्ले वयात येतात ती तेव्हा!

हा ५ टक्क्यांचा आकडा काल्पनिक नाही. अमेरिकेतील विनेबेगो सरोवरात दर फेब्रुवारीत बर्फाला भोके पाडून भाल्याने स्टर्जन मारण्याची परवानगी असते. प्रौढ माशांपैकी सुमारे ५ टक्केच मारले जावेत, या बेताने मर्यादा ठरते; माद्यांची मर्यादा वेगळी. मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी नोंदवावा लागतो आणि मर्यादा गाठली की हंगाम बंद. अंडी विकायला मनाई आहे. तिथे मासा टिकला, कारण नियम त्याच्या वयाला धरून आखले गेले.

१९९८पासून सर्व स्टर्जन ‘सायटीस’ या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आले. तरीही २०२२च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत स्टर्जन व त्यांचे भाईबंद यांच्या हयात असलेल्या सर्व जाती धोक्यात असल्याचे आढळले. चीनचा पॅडलफिश तर नामशेष ठरला. निर्यातीच्या कागदाने व्यापार आवरता येतो. धरणाने अडलेली वाट मोकळी होत नाही आणि पंधरा वर्षांची वाट पाहणेही टळत नाही.

तेव्हा हे पुस्तक वाचावे, विद्यार्थ्यांना त्यातल्या गोष्टी सांगाव्यात. पण प्रत्येक प्रकरणानंतर एक प्रश्न जरूर विचारावा: या वर्षी जन्मलेली मादी अंडी घालायला परत येईल तेव्हा साल कोणते असेल, आणि तेव्हा नदी तिला वाट देईल का?