मासा सोडणें

गळानें मासे धरण्याच्या छंदावर इंग्रजी भाषेंत जेवढें लिहिलें गेलें आहे, तेवढें दुसऱ्या एखाद्या करमणुकीवर क्वचितच लिहिलें गेलें असेल. आइझॅक वॉल्टनचा ‘कंप्लीट अँग्लर’ १६५३ सालीं निघाला, आणि नदीकांठीं बसून मासा लागण्याची वाट पाहणें ही एक प्रकारची साधनाच आहे, अशी समजूत त्यानें शिष्ट लोकांत रूढ केली. आमच्याकडे हा विषय ग्रंथांत नाहींच असें मात्र नव्हे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लासां’त ‘मत्स्यविनोद’ या नांवाचें प्रकरण असून त्यांत दोरी, गळ व आमिष यांचा विचार केलेला आहे. परंतु मराठी वाचक त्या ग्रंथाकडे वळतो तो बहुधा जुन्या मराठीच्या चार ओळी शोधण्यासाठीं. माशांजवळ तो थांबत नाहीं. आम्हीही बरेच दिवस थांबलों नव्हतों.

थांबण्यास कारण झाला तो डॉ. जेम्स हेन्शल या अमेरिकन वैद्याचा ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हा १८८१ सालचा ग्रंथ. ब्लॅक बास हा गोड्या पाण्यांतील शिकारी मासा. याच्या मोठ्या जबड्याच्या व लहान जबड्याच्या अशा दोन मुख्य जाती आहेत. पाणवनस्पतींच्या किंवा बुडालेल्या लांकडाच्या आडोशास दबा धरून बसावें आणि जवळून जाईल तें गिळावें, हा त्याचा क्रम. विणीच्या दिवसांत नर शेपटीनें तळाची रेती झाडून खळगा करितो, मादीनें अंडीं घातलीं कीं त्यांवर पहारा देतो, आणि पिलें बाहेर पडल्यावरही कांहीं दिवस त्यांना सोडून जात नाहीं. ट्राउट व साल्मन यांच्या मानानें हलका समजल्या जाणाऱ्या या माशास त्यांच्या पंक्तीस बसवावें, एवढ्यासाठीं हेन्शलनें लेखणी हातीं घेतली, आणि त्यांत तो पूर्णपणें यशस्वी झाला. त्याचा हा अभिमान आम्हांस आवडला. एखाद्या उपेक्षित कवीची बाजू घेऊन उभा राहिलेला टीकाकार जसा थोडा अधिक बोलतो, तसा हाही बोलतो. पण तें प्रेमाचें बोलणें आहे.

तथापि वाचतां वाचतां एक उणीव आम्हांस जाणवूं लागली. या ग्रंथांत नायक आहे, त्याच्याशीं झुंजणारा आहे, झुंजीचीं हत्यारें आहेत. ज्या पाण्यांत हें सर्व घडतें, तें पाणी मात्र बहुतांशीं रंगभूमीच्या फळ्यांसारखें मुकें आहे. जेथें बास नाहीं तेथें तो नेऊन सोडावा, हें त्या काळीं लोकोपयोगी कृत्य समजलें जाई. १८५४ सालीं ओहायोच्या खोऱ्यांतील थोडे बास आगगाडीच्या एंजिनामागील पाण्याच्या टांकींत घालून आलेगेनी पर्वतापलीकडे नेण्यांत आले, व कंबरलंड येथें कालव्याच्या पाण्यांत सोडण्यांत आले. तेथून पोटोमॅक नदीभर त्यांची प्रजा झाली. ही गोष्ट गळ टाकणारे लोक आजही कौतुकानें सांगतात. नदींत पूर्वीं कोण राहत होतें, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं.

येथें आमच्या भाषेची एक गंमत वाचकांच्या ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. बाहेरून आणलेलें मत्स्यबीज तळ्यांत घालणें यास आपण मासे सोडणें म्हणतों. आणि गळास लागलेला मासा जिवंत पाण्यांत परत जाऊं देणें यासही मासा सोडणें असेंच म्हणतों. इंग्रजींत या दोन कृत्यांस दोन निराळीं नांवें आहेत, आणि त्यामुळें त्यांचा विचारही निराळा होतो: पहिलें सरकारी खात्याचें काम, दुसरें सज्जनाचें लक्षण. आमच्या मतें मराठीनें जें एकत्र ठेविलें आहे, तेंच येथें खरें आहे. पहिल्या सोडण्याचा हिशेब चुकविल्यावांचून दुसऱ्या सोडण्यास दया म्हणतां येत नाहीं.

हें दुसरें सोडणें तसें अलीकडचें. वॉल्टनचा मासा शेवटीं स्वयंपाकघरांत जातो, आणि तो कसा शिजवावा हेंही ग्रंथकार मोठ्या चवीनें सांगतो. १९३२ सालच्या जून महिन्यांत जॉर्ज पेरी नांवाच्या तरुणानें जॉर्जियांतील मॉंटगोमेरी तळ्यांत २२ पौंड ४ औंस वजनाचा बास धरला. जगांतील सर्वांत मोठा बास म्हणून त्याची नोंद झाली. पण दिवस मंदीचे होते, व वजन झाल्यावर तो मासा पेरीच्या घरच्या पानांत पडला. पुढें १९७२ सालीं बासच्या स्पर्धा भरविणाऱ्या रे स्कॉट यानें, धरलेले मासे जिवंत राखून वजनानंतर पाण्यांत परत सोडण्याची प्रथा आपल्या स्पर्धांत सुरू केली. पाहतां पाहतां तिला धर्माचें स्वरूप आलें. आम्ही तिला नांवें ठेवीत नाहीं. सार्वजनिक तळें सर्वांचें, आणि सर्वांचें म्हणजे कोणाचेंच नव्हे. शंभर माणसांनीं आपआपली टोपली भरून नेली, तर एकशेंएकाव्यास रिकाम्या पाण्याकडे पाहत बसावें लागेल. जेथें मासा मूळचा आहे व धरणारे पुष्कळ आहेत, तेथें सोडणें हा शेजारधर्मच आहे.

परंतु प्रथेचा धर्म झाला कीं तिचें कारण विसरलें जातें. अंड्यांवर पहारा देणारा नर गळास लागला व घटकाभरानें सोडला, तर सोडणाऱ्यास वाटतें कीं कांहींच बिघडलें नाहीं. पण तेवढ्या अवकाशांत इतर मासे त्या घरट्यावर तुटून पडतात. लहानशा तळ्यांत बासांची दाटी झाली, तर सर्वांसच अन्न अपुरें पडून सर्वच खुरटतात. अलाबामांतील ऑबर्न येथें होमर स्विंगल या संशोधकानें शिकारी मासा व त्याचें भक्ष्य यांच्या तळ्यांतील प्रमाणाचा वर्षानुवर्षें अभ्यास केला, तेव्हांपासून ही गोष्ट जाणत्यांस माहीत आहे. कित्येक तळ्यांचे व्यवस्थापक आज लोकांस विनवितात कीं, अमुक मापाचे मासे कृपा करून घरीं न्या. लोक ऐकून घेतात, मासा हळुवारपणें पाण्यांत ठेवितात, आणि पुण्य घेऊन घरीं जातात.

ही सर्व स्वदेशांतील कथा. बास परदेशांत गेला म्हणजे प्रश्न किती अवघड होतो, हें जपाननें पाहिलें. १९२५ सालीं तेत्सुमा आकाबोशी या उद्योगपतीनें अमेरिकेहून बास आणून हाकोनेच्या डोंगरांतील आशी सरोवरांत सोडले. तेथेंच ते राहते तर प्रकरण मिटलें असतें. परंतु १९७४ सालीं बास बिवा सरोवरांत आढळला. बिवा हें जपानांतील सर्वांत मोठें सरोवर. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६७० चौरस किलोमीटर, त्याचें वय लाखों वर्षांचें, आणि त्यांत कित्येक जीव असे कीं जे पृथ्वीवर अन्यत्र नाहींत. निगोरोबुना हा त्यांपैकींच एक मासा. तो मिठांत मुरवून मग भातांत घालून महिनेच्या महिने आंबवितात, आणि त्यास फुनाझुशी म्हणतात. त्याचा वास नवख्यास सोसत नाहीं अशी ख्याति आहे. अर्थात् ज्यांच्या घरीं सुके बोंबील भाजले जातात, त्यांनीं याविषयीं न बोलणें बरें.

बासच्या जोडीस ब्लूगिल नांवाचा दुसरा अमेरिकन मासा बिवांत शिरला. त्याची कथा आम्हांस अधिक हृदयस्पर्शी वाटली. १९६० सालीं जपानचे तेव्हांचे युवराज अकिहितो शिकागो येथें गेले असतां नगराध्यक्षांनीं त्यांस हे मासे भेट दिले. युवराज स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक. लोकांच्या अन्नास उपयोगी पडतील या हेतूनें त्यांनीं ते सरकारी संशोधनसंस्थेच्या स्वाधीन केले. पुढें काय झालें तें सर्व जग जाणतें. २००७ सालीं बिवाच्या कांठीं भरलेल्या एका समारंभांत सम्राट अकिहितो यांनीं या घटनेबद्दल मनास होणारी व्यथा जाहीरपणें बोलून दाखविली. सत्तेचाळीस वर्षांपूर्वींच्या सद्धेतूची अशी कबुली देणारे पुरुष आम्हांस फार थोडे आठवतात. माशांच्या बाबतींत तर दुसरा आठवत नाहीं.

बिवा ज्या शिगा प्रांतांत आहे, त्या प्रांतानें २००३ सालापासून एक नियम अमलांत आणिला: बास किंवा ब्लूगिल गळास लागला, तर तो सरोवरांत परत सोडूं नये. कांठीं पेट्या ठेविल्या आहेत, त्यांत तो टाकावा. या नियमाचा भंग करणारास शिक्षा कांहींच नाहीं. आमच्या मतें यांतच त्याचें सौंदर्य आहे आणि दुबळेपणाही. सोडणें हाच ज्यांचा धर्म, अशांनीं तो मानला नाहीं. प्रकरण न्यायालयांतही गेलें, पण नियम टिकून राहिला. २००५ सालीं परकीय प्राण्यांविषयींचा राष्ट्रीय कायदा अमलांत आला, आणि बास जिवंत बाळगणें, नेणें व नव्या पाण्यांत सोडणें हा गुन्हा ठरला. मात्र आशी आणि फुजी पर्वतालगतचीं कावागुची, यामानाका व साई या चार सरोवरांत त्याच्या मासेमारीचा परवाना चालूं राहिला. तेथें परवानाधारक संघानें माशांची वाढ राखली पाहिजे, आणि पाहुण्यांनीं तिकीट काढून गळ टाकावा. म्हणजे एकाच देशांत, एकाच माशाच्या बाबतींत, एका कांठावर सोडणें योग्य व दुसऱ्या कांठावर अयोग्य! वरवर पाहणारास ही विसंगति वाटेल. आम्हांस यांत विचाराची प्रौढता दिसते. कारण येथें न्याय माशाचा नसून पाण्याचा आहे.

त्याच बिवांत २००९ सालच्या जुलै महिन्यांत मानाबु कुरिता यानें धरलेला बास पेरीच्या माशाहून औंसभर अधिक भरला. विक्रम मोडण्यास किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांचीं नांवें बरोबरीनें लिहिलीं गेलीं. कुरिताच्या गळास आमिष होतें जिवंत ब्लूगिलचें. एका परक्याच्या तोंडीं दुसरा परका देऊन त्या प्राचीन सरोवरानें जगाचा विक्रम केला, आणि त्यांत सरोवराचें स्वतःचें असें कांहींच नव्हतें.

नियमाविरुद्धचे आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाहींत. बासनें पारपत्र मागून प्रवास केला नाहीं. माणसानें नेलें तेथें तो गेला, व त्याच्या जातीस साजेल तसा जगला. शिवाय बिवाचे मासे घटले ते केवळ त्याच्या जबड्यानें नव्हे. १९७२ पासून २५ वर्षें चाललेल्या विकासयोजनेंत कांठ बांधले गेले, पाण्याची पातळी माणसाच्या सोयीनें खालींवर होऊं लागली, आणि ज्या बोरूच्या बेटांत मासे अंडीं घालीत तीं आक्रसलीं. धरणाचा दोष गळास लागलेल्या माशाच्या माथीं मारणें सोपें असतें. आणि शाळेंतील मुलाच्या हातीं तडफडता मासा देऊन ‘हा वाईट, हा पेटींत टाक’ असें शिकवावयाचें, या कल्पनेनें आम्हीही अस्वस्थ होतों. इतकें मान्य करूनही आम्ही नियमाच्याच बाजूचे आहों. मासा निर्दोष आहे म्हणून निगोरोबुना दोषी ठरत नाहीं. जो बास आम्ही कळवळून सोडतों, तो संध्याकाळपर्यंत काय खातो, हें आमच्या दृष्टीआड घडतें एवढेंच. हातांतल्या जिवाची दया येते आणि खोल पाण्यांतल्या जिवांची येत नाहीं, हा दयेचा गुण नसून आमच्या डोळ्यांची मर्यादा आहे. पेटींत टाकणाऱ्या मुलास ‘हा वाईट’ असें न सांगतां, ‘हा आम्हीं आणला’ असें सांगावें, एवढीच दुरुस्ती आम्ही सुचवूं.

असल्या दुरुस्तीचें काम आमच्या घरींही आहे. पुण्याजवळच्या मुळामुठेंतील मासा पाहून कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं ज्या महसीरास ‘खुद्री’ हें शास्त्रीय नांव दिलें, त्याचीं पिलें १९७० नंतर लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रांत वाढूं लागलीं. हेतु उत्तम होता: धरणांनीं कोंडलेल्या नद्यांतून नाहींसा होत चाललेला मासा वांचवावा. त्यांतील पुष्कळ पिलें दूर दक्षिणेस कावेरींत सोडण्यांत आलीं. कावेरीचा स्वतःचा महसीर निराळा, पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, आणि तो त्या खोऱ्याबाहेर कोठेंही नाहीं. त्याच्यासाठीं देशोदेशींचे हौशी लोक तेथें येत, धरलेला प्रत्येक मासा परत सोडीत, आणि वजनासह वहींत टिपून ठेवीत. १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या या नोंदी संशोधकांनीं पुढें तपासल्या. धरलेल्या माशांची संख्या वाढत गेली होती, आणि त्यांचें सरासरी वजन उतरत गेलें होतें. निळसर परांचे पाहुणे वाढत होते आणि नारिंगी परांचा यजमान विरळ होत होता. आज तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादींत आहे. ज्यांनीं त्या वह्या लिहिल्या, त्यांना त्या वर्षांत नदी भरभराटीस आलेली दिसत होती.